पलीकडची सुई

३ फेब्रुवारी

आले एकदाची. प्रवासाने हाडं खिळखिळी झाली, पण मन धुतलेल्या कापडासारखं हलकं झालंय. धाकटा न्यायला आला होता. पन्नाशीला टेकला तरी मला पाहिलं की अजून तसाच धावत सुटतो, शाळेच्या फाटकाशी मी उभी असायचे तेव्हा सुटायचा तसा. आई गेली तेव्हा तो माझ्या कडेवर होता. तिथून तो कधी खाली उतरला हे मला अजून नीटसं कळलेलं नाही.

बोलावण्याचं कारण विमान. एका बंद गोदामात भिंत पाडायला घेतली, तर भिंतीआड हे उभं. दोघांपुरतं, एकावर एक असे पंख असलेलं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणून शिवलेलं. मी तरी त्याला मोठ्या माणसांचा पतंग म्हणेन. ज्याने ते विकत घेतलं तो मालक न्हाणीघराच्या फरशांचा व्यापारी आहे. आज घड्याळ चमकवत तो शेपटापाशी उभा राहिला आणि नाक फार सुंदर आहे म्हणाला. कोणी हसलं नाही. पैसा असला की माणसाला तोंड आणि शेपूट वेगळं ओळखावं लागत नाही.

पण धाकट्याने जन्मभर लोकांची यंत्रं दुरुस्त करत हे एकच स्वप्न सांभाळलंय. विमान तो उभं करणार आणि मार्चअखेर मालकाच्या पाहुण्यांसमोर स्वतः उडवणार. सांगताना त्याचे कान लाल झाले. नवं कापड हाताने शिवणारं कोणी मिळेना, तेव्हा ताई आठवली. उशिरा का होईना, आठवली ना.

त्याची बायको दारात उभी होती. तिला मी मनात महाराणी म्हणते. कधीकधी ते तोंडातही येतं. कानात सदा ती बोंडं खुपसलेली आणि मान गाण्यावर डोलतेय. प्रवास कसा झाला म्हणून विचारलं, आणि माझं उत्तर यायच्या आत बोंडं परत कानात.

६ फेब्रुवारी

हँगर म्हणजे पत्र्याचं प्रचंड कोठार. भुसा, तेल आणि जुन्या सरसाचा वास. वरच्या काचांतून ऊन तिरपं पडतं आणि त्यात धूळ इतकी संथ तरंगते, की आमच्या कॉन्व्हेंट शाळेतला शिवणाचा वर्ग आठवला. तिथल्या उंच खिडक्या, खडूचा आणि खळीचा वास, आणि आमच्या सिस्टर. त्यांची बोटं बारा महिने गार. टाका वाकडा गेला की ती गार बोटं आमच्या बोटांवर ठेवायच्या आणि काही न बोलता सुई वळवायच्या. तसं शिकवणारं आता कोणी नाही. आता सगळे बघून शिकतात आणि बघूनच विसरतात.

पंख शिवायचं काम असं. पंख कडेवर उभा करतात. त्याच्या आतल्या लाकडी पट्ट्यांना फासळ्या म्हणतात. कापड दोन्ही अंगांनी ताणायचं आणि फासळीच्या कडेने सुई आरपार घालायची. एकीने अलीकडे बसायचं, दुसरीने पलीकडे. अलीकडचीने सुई घातली की पलीकडचीने ती ओढून परत द्यायची. मधे पंख, त्यामुळे एकमेकींची तोंडं दिसत नाहीत. आमच्या बाबतीत ही मोठीच सोय, कारण पलीकडे महाराणीला बसवलंय.

एक पंख जुन्या कापडासकट तसाच ठेवलाय, बेतायला. त्याची शिवण मधेच थांबलेली, आणि शेवटच्या टाक्यात सुई लोंबकळतेय! मेण लावलेल्या दोऱ्यासकट. माझ्या अंगाची आग झाली. सिस्टरांचा पहिला नियम होता, सुई कापडात टोचून उठायचं नाही, आलेली सुई परत करायची. मी बसले आणि ती सुई आरपार ढकलली. पलीकडून लगेच परत आली. महाराणी निदान एवढं तरी शिकली. गाठ मारून दोरा कापला, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

महाराणीचा हात म्हणजे कमाल. सुई देते ती एक वीत खाली. दोरा ओढते तो असा, जणू बैल आवरतेय. गाठ मारणं तर ठाऊकच नाही. नुसतं कचकन कापते आणि वर पट्टी चिकटवते. मी तिला सांगून टाकलं, बाई, हे तुझं काम नाही, तू आपली गाणी ऐक. स्टूल सरकल्याचा आवाज तेवढा आला.

धाकटा रात्री जेवताना म्हणाला, ताई, जरा सांभाळून घे ना तिला. मी म्हटलं, मी तुला सांभाळलं, तेवढं पुरे झालं या जन्मात. तो हसला. ती हसली नाही.

१४ फेब्रुवारी

नवल आहे! त्या दिवशीचं बोलणं मनाला लागलं वाटतं. दुसऱ्याच दिवशी पलीकडचं स्टूल करकरलं, आणि मी सुई घातली तर ती नेमक्या जागी परत आली. दोरा ताणलेला, पण कापडाला सुरकुती नाही. पलीकडून एक शब्द नाही, गुणगुणणं नाही. मीही काही बोलले नाही. बोट दिलं की मनगट धरणारी जात आहे ही, डोक्यावर बसायला वेळ लागणार नाही.

२२ फेब्रुवारी

खालचा पंख संपला. खरं लिहायचं तर इतक्या वर्षांत असं सुख मिळालं नव्हतं. शाळेत अनाथाश्रमासाठी आम्ही रजया शिवायचो, दोघी-दोघी, मधे रजई उभी टांगलेली. माझ्या समोरची मुलगी मला कधी दिसायची नाही, पण सुई आली की तिचा हात कळायचा. आता तसंच वाटतं. माझा टाका सैल गेला तर पलीकडून अलगद खेच येते, जणू कोणी मान हलवून नाही म्हणतंय.

मालक आज पंखाशी उभा राहून फोटो काढून घेत होता. हात असा ठेवला होता, जणू स्वतः शिवलाय. त्याला बटण तरी लावता येत असेल का, शंका आहे.

३ मार्च

आज ठरवलं, पोरीला शाबासकी द्यायची. तिला वाईटसाईट बोललेलं मागे घेण्याची माझी पद्धत नाही, पण माझी हाडाची सुईदाणी, शाळेपासून जपलेली, ती तिला द्यायची. टाका अर्धा असताना उठले. सुई कापडात तशीच टोचून, आयुष्यात पहिल्यांदा.

पंखाला वळसा घालून पलीकडे गेले.

स्टूल रिकामं. त्याच्यावर धुळीचा थर. बोट फिरवलं तर रेघ उठली.

तेवढ्यात महाराणी बाहेरून आली, काळा चष्मा कपाळावर चढवलेला. मी विचारलं, कुठे होतीस गं? तिने बोंडं काढली. म्हणाली, कुठे होते म्हणजे? मी तर त्या दिवसानंतर बसलेच नाही, ताई. तुम्हीच म्हणालात ना, तुझं काम नाही म्हणून? मला वाटलं, एकाच बाजूने शिवता येतं ती वाकडी सुई घेऊन तुम्ही एकट्याच शिवताय. छानच चाललं होतं की तुमचं.

आम्ही दोघी पंखाच्या एकाच बाजूला उभ्या होतो. ती खोटं बोलत नव्हती. तेवढी हुशारी तिच्यात नाही.

मी परत अलीकडे आले. जी सुई अर्धी टोचून गेले होते, ती पूर्ण परत आली होती. दोरा ताणून, माझ्या बाजूला, हाताशी.

सुईदाणी मी कोणालाच दिली नाही.

८ मार्च

धाकट्याला सांगितलं. सगळं सांगितलं. त्याने रागावायच्या आधी हसून बघितलं. मग म्हणाला, ताई, आल्यापासून तू हिला एक धड शब्द बोलली नाहीस. ही आळशी, ही नटवी, हिला गाठ येत नाही. आता ही बसलीच नाही आणि भूत शिवून गेलं? हेच राहिलं होतं का?

मी म्हटलं, अरे, तिच्याबद्दल तक्रार नाही ही. तो म्हणाला, तुझं प्रत्येक वाक्य तिच्याबद्दलची तक्रार असतं.

महाराणी आमच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही.

मी काम सोडू शकते. पण मी नाही शिवलं तर तिला शिवायला बसवतील, आणि तिची शिवण म्हणजे उडत्या विमानातून सुटणारं कापड. आत धाकटा असणार आहे. त्यापेक्षा भूत परवडलं, ते शिवतं तरी नीट.

१२ मार्च

ज्या बाईने गोदाम विकलं तिच्याकडे गेले होते. मालकाने दिलेल्या पैशांत घेतलेल्या नव्या सोफ्यावर, प्लॅस्टिकही न काढता बसली होती. चहा विचारला नाही. विमान म्हटल्यावर तोंडात काही आंबट आल्यासारखं केलं.

म्हणाली, भिंत तिच्या सासऱ्याने घातली. कारखाना त्याचा. त्याच्याकडे शिवणाऱ्या दोन बाया होत्या, दोघी हाताच्या पक्क्या आणि दोघींचं बोलणं नाही. कशावरून, ते त्यांनाही आठवत नसेल. शेपटाची शिवण करताना एकीला आत बसावं लागायचं, सुई परत द्यायला. हातभर फट उरली की बाहेरचीने म्हणायचं, ये बाहेर. मग ती सरपटत यायची आणि उरलेलं बाहेरून शिवून टाकायचे.

तर बाहेरचीने म्हटलं नाही. बाहेरची म्हणाली, तिला यायचं असेल तर ती बोलेल, मी का आधी तोंड उघडू? आतलीही म्हणाली असेल, ती हाक मारेल, मी का मारू? सुई जात राहिली, येत राहिली. शेवटचा टाकासुद्धा आतून नीट परत आला. मग बाहेरचीने कापड ताठ करायचा लेप वर मारला आणि ती घरी गेली. त्या लेपाच्या वासाने बंद जागेत माणूस टिकत नाही.

नंतर कापड फाडून तिला काढली. नवं कापड चढवलं. पहिल्याच पंखाला पलीकडून सुई परत आली, आणि पलीकडे कोणी नव्हतं. सासऱ्याने सुई होती तिथेच सोडायला लावली आणि भिंत बांधली. एवढंच म्हणाला, ती सुई कोणी परत देऊ नका.

मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, दिलीत की काय?

मी उठले. पाठीमागून ती हसली. म्हणाली, शिकलेल्या दिसता. सवय वाईट हो.

१५ मार्च

शेपूट शिवून झालं. एकटीने, बाहेरून, वाकड्या सुईने. आत कोणी बसणार नाही असं मी बजावलं होतं. तरी सुई आत जायची, आणि मी ती वळवायच्या आधीच टोक बाहेर यायचं. टाके इतके देखणे आहेत की धाकट्याने माझे हात हातात घेतले. मी काढून घेतले.

आता लेप चालू आहे. नखं रंगवायच्या रंगासारखा वास, त्याने डोकं भणभणतं. लेप वाळला की कापड आकसतं आणि डफासारखं ताठ होतं. उन्हात मधाच्या रंगाचं दिसतं. मी बोटाने वाजवून बघितलं. सगळीकडे टण टण. शेपटाजवळ एका जागी आवाज आला नाही. जणू आतून कोणी तळहात टेकवलाय.

पुन्हा वाजवलं.

आतून वाजलं.

२० मार्च

आज वजन केलं. तपासनीस आला होता, ढेकर देत. कागदावर यायला हवं त्यापेक्षा शेपूट जड भरलं. एका माणसाइतकं. धाकट्याने काटे बदलून बघितले. तेच. मालक म्हणाला, काय फरक पडतो, पाहुणे वजन थोडंच करणार आहेत? असल्या माणसांना जमीन आपल्या बापाची वाटते आणि आकाशही.

धाकटा मला म्हणाला, ताई, तू आत बसली होतीस की काय? थट्टेत. मग मला काट्यावर उभं केलं. थट्टेतच.

तेवढंच. अगदी तेवढंच.

तपासनीस म्हणाला, लेप जास्त बसला असेल. नाकात शिसं भरून तोल साधलाय. आता विमान सरळ उभं आहे.

२४ मार्च

धाकट्याला म्हटलं, उडवू नकोस. पाया पडेन म्हटलं. तो ओरडला. माझ्यावर तो कधी ओरडला नव्हता. म्हणाला, माझ्या आयुष्यात एक गोष्ट तरी तू नाक न मुरडता होऊ दे.

मी नाक मुरडते. खरं आहे. दुसरं काही करायचं मला कधी सुचलंच नाही.

२७ मार्च

उद्या उडवणार. रंगीत पताका लावल्यात. मालकाने विमानाला स्वतःचं नाव दिलंय.

आज एक सुचलं. त्या बाईला कोणी ‘ये बाहेर’ म्हटलंच नाही. फाडून काढली, पण म्हटलं नाही. कोणीतरी म्हणायला हवं. तेवढंच राहिलं असेल.

माणसं दुपारी जेवायला गेली की शेपूट हातभर उसवेन. म्हणेन. परत शिवेन. कोणाला कळणार नाही. वही एप्रनच्या खिशात असू दे.

२७ मार्च, दुपार

उसवलं. फटीला तोंड लावून म्हटलं, ये बाहेर, बाई. पुष्कळ झालं. ये.

काही नाही. वाजवून बघितलं. ती जागा अजून मुकी.

आत वाकून बघितलं. अगदी टोकाला, शेवटच्या फासळीपाशी काहीतरी चमकलं. कात्री स्टुलावर ठेवली. कात्री घेऊन वाकायचं नाही, सिस्टरांचा दुसरा नियम. सरपटत गेले.

शिंप्याचं अंगुस्तान. झिजलेलं. बोटात घातलं. गरम आहे.

आत उजेड मधासारखा. कापडावर बाहेरून एक सावली पडलीय. गाण्याची बारीक कुरकुर ऐकू येते. महाराणी! जेवून लवकर आली. तिला उसवलेलं दिसलं असणार. म्हटलं असेल, म्हातारीने मुद्दाम केलं, उद्याचा कार्यक्रम मोडायला. नवऱ्याच्या काळजीने —

सुई आत आली.

वाकडी सुई. ती शिवतेय.

मी ‘अगं’ म्हटलं. ‘ए’ म्हटलं. कानात बोंडं. मागे वळायला जागा नाही, पायांनी मागे सरकतेय — फट पायांशी — पाय अडकतो, फट बारीक —

सुई पकडून ठेवली. बाहेरून हिसका. पुन्हा हिसका. मी सोडली नाही. मग माझ्या बोटांवर बोटं आली. गार. काही न बोलता, एकेक बोट उघडलं. सुई वळवली.

गेली परत.

—

पुन्हा आली. माझ्या हाताला धरून परत. माझाच हात. पुन्हा.

हाक मारायला हवी. नावाने. तिला नावाने मी कधी — जोरात ओरडले. तोंडातून आलं ते ‘महाराणी!’

गाणं थांबलं. तिने ऐकलं. बोंडं काढली असणार. मी पुन्हा ओरडायच्या आत — तिला वाटलं कुठूनतरी टोमणा मारला. नेहमीसारखा. मोठा श्वास ऐकू आला. रडवेला. गाणं परत सुरू.

—

नखांनी ओरखडलं. माझंच कापड, माझेच टाके. इतकं पक्कं शिवायला मला कोणी सांगितलं होतं?

लेपाचा वास. डबा उघडलाय.

गार बोटं सुटली. शेजारी कोणी नाही. वाजवून बघितलं, ती जागा आता टण वाजते. गेली. मी म्हटलं होतं ना, ये बाहेर. ऐकलं तिने. आणि मी —

तेवढंच वजन. नाकात शिसं आहेच. तोल बरोबर लागेल.

शेवटचा टाका. सुई आत आलीय, लोंबकळतेय. आता कोणी देणार नाही, मीच. नाही दिली तर ती दोन हिसके देईल आणि कचकन कापेल, गाठ न मारता. वर पट्टी. उद्या हवेत ती पट्टी सुटेल, मग कापड, मग शेपूट, आणि आत धाकटा, कान लाल झालेला —

आतून गाठ मारून दिली तर धरेल. कायमची धरेल.

डोळे जड. ऊन किती सुंदर आहे इथून. शाळेत असंच —

गाठ मारली. सुई हातात आहे. आलेली सुई परत कर